याला हात कुणी लावला होता?

त्याचं खरं नाव दुकानाच्या वीजबिलावर होतं आणि तिथेच राहिलं. रस्त्यावर सगळे त्याला मीटर म्हणायचे. गाडी समोर येऊन उभी राहिली की तो आधी इंजिनचा आवाज ऐकायचा, मग डोळे बारीक करून हेडलाइटकडे बघायचा आणि जाहीर करायचा, “बारा पॉइंट एक.” त्यानंतर खिशातून खरं मीटर काढून बॅटरीला लावायचा. आकडा बहुतेक तोच निघायचा. नाही निघाला, तर मीटरचा सेल उतरलेला असायचा.

गाड्यांच्या वायरिंगचं त्याचं दुकान एका शटरचं. डाव्या भिंतीवर रंगांप्रमाणे लावलेली वायरची भेंडोळी, उजवीकडे चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या, मधे एक गाडी तिरकी घातली तर मावेल एवढी जागा. बॅटरीतल्या अ‍ॅसिडमुळे त्याच्या प्रत्येक शर्टाला पोटावर बारीक भोकं होती. बायको म्हणायची, “नवीन शर्ट घेतानाच चाळणी म्हणून घ्या, दोघांचा वेळ वाचेल.”

हात चांगला होता त्याचा, यात वाद नाही. तोंड मात्र हाताच्या दोन पावलं पुढे चालायचं. बॉनेट उघडलं की पहिलं वाक्य ठरलेलं, “याला हात कुणी लावला होता?” तसं हे वाक्य सगळ्याच कारागिरांचं असतं. प्लंबरचं असतं, शिंप्याचं असतं, दातांच्या डॉक्टरचंही असतं. तिथे आपण तोंड उघडून आडवे पडलेलो असतो म्हणून उत्तर देता येत नाही, एवढंच. त्या एका वाक्यात आधीचा कारागीर खाली बसतो आणि बोलणारा आपोआप दोन इंच उंच होतो. मीटरच्या मनात कुणाचं वाईट करावं असं नसायचं. शिंक यावी तसं ते वाक्य यायचं.

त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, वळणापलीकडे मास्तरांचं दुकान होतं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत; वायरिंगचेच, पण रस्त्यावरच्या अर्ध्या कारागिरांना त्यांनी हाताखाली तयार केलं होतं म्हणून मास्तर. मीटर त्यांच्याकडे सात वर्षं होता. वेगळा झाला तेव्हा भांडण झालं नाही, उलट नव्या दुकानाच्या पाटीचा दिवा मास्तरांनीच येऊन जोडून दिला. आता त्यांचे हात थोडे थरथरायचे. गिऱ्हाईक हात बघतं, काम बघत नाही. तेव्हा एकेक गाडी वळणाच्या अलीकडेच थांबायला लागली होती. मास्तरांकडे कायमचं म्हणावं असं एकच काम उरलं होतं, पोहण्याच्या तलावाच्या दोन व्हॅन. मुलांना शाळेतून तलावावर आणायच्या आणि परत सोडायच्या. त्या दोन व्हॅन होत्या म्हणून मास्तरांचं शटर रोज सकाळी वर जात होतं.

त्या तलावावरचे पोहण्याचे सर एक दिवस आपली पांढरी गाडी घेऊन मीटरकडे आले.

सरांचं सगळं आयुष्य पाण्याच्या काठावर शिट्टी मारण्यात गेलेलं. डावा कान पूर्ण गेलेला, उजवा अर्धा. त्यामुळे आवाज असा की सर कुजबुजले तरी तिसऱ्या दुकानातल्या टायरवाल्याला कळायचं. कान गेले म्हणून गाण्याची हौस गेली नव्हती. त्यांनी गाडीच्या डिकीत मोठा स्पीकर आणि त्याला चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर बसवून घेतला होता.

“कानाला नाही कळत हो आता!” सर छातीवर थाप मारून म्हणाले. “इथं वाजलं की ओळखतो, कुठलं गाणं ते! पण बघा काय होतंय!”

त्यांनी गाणं लावलं. धप्प झालं की हेडलाइट मंद, परत धप्प, परत मंद. गाडी गाण्याच्या तालावर डोळे मिचकावत होती. सीटकव्हरवाला बाहेर येऊन बघायला लागला, टायरवाला आधीच आला होता.

यात कुणाचीही चूक नव्हती, ही गोष्ट मीटरला बॉनेट उघडायच्या आधीपासून माहीत होती. गाडी बनवणाऱ्याने अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनवर वीज तयार करणारा डबा, दिवे आणि वायपरच्या हिशेबाने दिला होता. त्यावर एवढा राक्षस बसवल्यावर वीज पुरणार कुठून? मोठा अल्टरनेटर आणि जाड केबल हवी, बस्स. पण बॉनेट उघडलं, आणि शिंक आली.

“याला हात कुणी लावला होता?”

“मास्तरांनी!” सर म्हणाले. “तीन वर्षांपूर्वी! ही अर्थची पट्टी त्यांनी बदलली होती!”

बॅटरीकडून गाडीच्या पत्र्याला जाणारी ती पट्टी मीटरने बोटाने हलवली. पट्टी चांगली होती. साध्या गाडीला लागते तशी, घट्ट, स्वच्छ, शेवटाला व्यवस्थित दाबलेली. आणि तरी त्याच्या तोंडून गेलं, “हं. मास्तरांचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही सर.”

“काय?”

“हात राहिला नाही!” मीटर जरा मोठ्याने म्हणाला.

“मास्तरांचा हात राहिला नाही!” सरांनी ते अख्ख्या रस्त्याला ऐकवलं. “म्हणजे सगळं त्यांच्यामुळे होय! मग आमच्या व्हॅनचं काय? त्यात मुलं असतात हो! त्या तुमच्याकडेच आणतो!”

इथे मीटरला थांबता आलं असतं. नाही सर, पट्टीचा काही दोष नाही, एवढंच म्हणायचं होतं. टायरवाला बघत होता, सीटकव्हरवाला बघत होता. मीटर म्हणाला, “आणा की.”

पुढचे दोन दिवस त्याने जीव ओतून काम केलं. मोठा अल्टरनेटर बसवला. बॅटरीपासून मागे डिकीपर्यंत अंगठ्याएवढी जाड केबल नेली. पत्र्यातून जिथे ती आत शिरते तिथे रबरी कडं बसवलं, नाहीतर पत्रा केबल कापतो. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज लावला. शेवटी मास्तरांची पट्टी काढून टाकली आणि तिच्या जागी नवी जाड अर्थ केबल घेतली. तिच्यासाठी पत्र्यावर शेजारचा दणकट बोल्ट निवडला.

वीज जाते केबलने, पण परत येते ती गाडीच्या पत्र्यातून. म्हणून अर्थचा जोड उघड्या पत्र्यावर लागतो. मधे रंग राहिला तर वीज अडखळते. मास्तरांनी मीटरला पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं होतं, तेही तीन दिवस नुसता पत्रा घासायचा पॉलिश पेपर हातात देऊन. “गेलेली वीज घरी कशी येते ते आधी बघ,” असं ते म्हणायचे. मीटर आता हेच वाक्य गिऱ्हाइकांना स्वतःचं म्हणून ऐकवायचा.

तर तो पॉलिश पेपर घेऊन वाकला. तेवढ्यात टायरवाल्याने विचारलं, “काय रे मीटर, मास्तर हल्ली पाना कसा धरतात म्हणे?” मीटर सरळ झाला. पॉलिश पेपरचा पाना करून त्याने तो हवेत थरथरवला, मान थोडी कलती केली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणावा तसं केलं आणि मास्तरांच्या आवाजात म्हणाला, “अरे, बोल्ट हलतोय की मी हलतोय?” टायरवाला मांडीवर थाप मारून हसला. गाडी न्यायला आलेले सर तर खोकेपर्यंत हसले. मीटरने आणखी एकदा करून दाखवलं. मग पॉलिश पेपर मागच्या खिशात घातला, केबल बोल्टला लावली आणि पान्याने कचकचून आवळली.

बॅटरीला मीटर लावलं. चौदा. गाणं लावलं तरी चौदाच व्होल्ट, हवे तेवढे. दुपारचं ऊन होतं, हेडलाइट कुणी लावून बघितले नाहीत. सर खूश होऊन गेले आणि दोन दिवसांनी दोन्ही व्हॅनच्या किल्ल्या मीटरच्या टेबलावर आल्या.

पाचव्या दिवशी सर परत आले, आणि गाडीपेक्षा त्यांचाच आवाज मोठा होता.

“पहिल्यापेक्षा वाईट! दिवे जातायत, गाणं मधेच बंद पडतंय, डॅशबोर्डचे काटे नाचतायत!”

मीटरने बॅटरीला मीटर लावलं. चौदा. परत लावलं. चौदा. म्हणजे आपलं काम चोख. आता ज्याचं नाव मीटर, त्याने मीटर दुसरीकडे कुठे लावून बघावं हे त्याला सुचायला हरकत नव्हती. पण आपली चूक असेल अशा जागी माणूस मीटर लावत नाही. त्याने डोकं खाजवलं आणि पहिल्यांदा मारलेली थाप दुसऱ्यांदा मारली, आता जरा विस्ताराने. “सर, मास्तरांनी आत कुठेतरी लपवून जोड दिलाय. तो सापडायला पाहिजे.”

“सापडायला कशाला पाहिजे? ज्याने लपवला त्यालाच विचारू की!” सरांनी तिथूनच फोन लावला. “मास्तर! या इकडे! आणि तुम्ही काय लपवून ठेवलंय ते दाखवा!”

मास्तर चालत आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात चष्म्याचं घर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची दुकानं त्यांच्याकडे बघत होती. सर बॉनेटवर हात आपटून बोलत होते, मुलांच्या व्हॅन, जबाबदारी, वयाचं भान. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मीटरकडे वळून म्हणाले, “तुझं मीटर दे रे जरा.”

मीटरने मीटर दिलं.

मास्तरांनी एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं आणि दुसरं सरळ पत्र्याला. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरावं लागलं त्यांना. “गाणं लावा सर.”

धप्प. जिथे जवळजवळ शून्य यायला हवं तिथे दीड व्होल्ट आला. वीज घराच्या दारापर्यंत येत होती आणि दार बंद होतं. मास्तरांनी वाकून बोल्टकडे बघितलं, मग आकडा दुसऱ्या कुणाला दिसणार नाही अशा बेताने आपल्या जुन्या शिष्याकडे वळवला.

मीटरने आकडा वाचला. त्याच क्षणी त्याला तो बोल्ट आठवला, केबलच्या खाली तसाच राहिलेला गुळगुळीत पांढरा रंग आठवला, आणि तो रंग खरवडायच्या वेळी आपण हवेत काय थरथरवत होतो तेही आठवलं. कानशिलं तापली.

“काय निघालं?” सर ओरडले.

मीटरने तोंड उघडलं. एरवी दोन पावलं पुढे असणारं ते तोंड आज जागचं हललं नाही.

“जोड कच्चा होता,” मास्तर म्हणाले. “करून देतो.”

“कुणाचा? तुमचाच ना?”

मास्तरांनी चष्मा पुसला. “हो. माझाच.”

मग त्यांनी बोल्ट काढायला लावला, पॉलिश पेपर मागितला. तो मीटरच्याच मागच्या खिशातून निघाला, घडीसुद्धा न मोडलेला. मास्तरांनी वाकून रंग खरवडला. हात थरथरत होता, वेळ लागला, पण पत्रा रुपयासारखा चमकायला लागला तेव्हाच थांबले. केबल लावली, गाणं लावलं. हेडलाइट ढिम्म हलले नाहीत. मास्तरांनी हात पुसले आणि आले तसे चालत परत गेले.

“कबूल केलं बुवा!” सर मागून म्हणाले. “माणूस सरळ आहे, पण आता जमत नाही त्यांना!”

त्या दुपारी मीटर घरी जेवायला गेला आणि ताटासमोर नुसता बसून राहिला.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“काही नाही. आमच्या धंद्यातला एक माणूस आहे. त्याने स्वतःची चूक दुसऱ्याच्या नावावर जाऊ दिली.”

“तो माणूस जेवतोय का नीट?”

मीटरने मान वर केली.

“नाही, म्हणजे समोर ताट घेऊन बसलाय आणि घास उचलत नाहीये, असं आहे का त्याचं?” तिने पाण्याचा पेला पुढे सरकवला. “आणि तो दुसरा कोण? सात वर्षं तुम्हाला ज्यांनी घडवलं ते?”

“तुला कुणी सांगितलं?”

“अहो, सरांनी फोनवर बोलावलं ना त्यांना. मागच्या गल्लीत कपडे वाळत घालत होते मी, तिथपर्यंत ऐकू आलं.” तिने पोळ्यांच्या डब्याला झाकण लावलं. “मला वाटलं, खरंच त्यांचंच चुकलं असेल. तुम्ही तिथे होतात म्हणून वाटलं.”

ओरडली असती तर बरं झालं असतं. मीटर हात धुऊन उठला.

दुसऱ्या दिवशी तो तलावावर गेला. वाटेत त्याने एक वाक्य तयार केलं होतं, छोटं, हळू आवाजात सांगण्यासारखं. सरांना बाजूला घ्यायचं, सांगायचं आणि निघायचं. तलावावर शाळेची तुकडी होती. काठाला धरून पाय मारणारी साठ-सत्तर मुलं, बाकांवर टॉवेल घेऊन बसलेले आईवडील, आणि वर पत्र्याचं छप्पर, ज्याखाली चप्पल वाजली तरी चारदा वाजते.

“सर, जरा बाजूला येता?”

“काय?” सरांनी कानाकडे बोट दाखवलं. “मशीन काढून ठेवलंय! पाण्याने खराब होतं! मोठ्याने बोला!”

“त्या दिवशी अर्थिंगचा घोळ होता ना...”

“माहितीये! मास्तरांचा!”

“नाही सर.”

“काय?”

“मास्तरांचा नाही!”

पाय मारण्याच्या गदारोळात सरांना एक अक्षर कळेना. महत्त्वाचं काहीतरी आहे, एवढं चेहऱ्यावरून कळलं असावं. त्यांनी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली. सत्तर जोड्या पाय एकदम थांबले. बाकांवरची कुजबुज थांबली. तलावाचं पाणीसुद्धा काठाला लागून गप्प झालं, आणि सर उजवा कान पुढे करून म्हणाले, “हं, आता सांगा!”

मीटरचं तयार वाक्य केव्हाच गळून गेलं होतं.

“चूक माझी होती!” तो म्हणाला, आणि छपराने ते चारदा म्हटलं. “रंग मी खरवडला नाही! मी मास्तरांची नक्कल करत होतो तेव्हा! त्यांची पट्टी पहिल्यापासून चांगली होती!”

“मग मास्तर हो का म्हणाले?”

“मला वाचवायला!”

“आणि तुम्ही?”

“मी गप्प बसलो!”

सरांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. शिट्टी त्यांनी दोन बोटांत धरून फिरवली. “मीही हसलो होतो हो त्या नकलेला,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज शेजारच्या बाकापर्यंतसुद्धा गेला नाही. “आणि रस्त्यात उभं राहून काय काय बोललो त्यांना.” मग ते काठावरच बसले. पाण्यातली मुलं पाय मारू की नको अशी त्यांच्याकडे बघत राहिली. मीटर ओल्या फरशीवरून जपून चालत बाहेर पडला. मागे कुणीतरी आई शेजारणीला विचारत होती, “आपल्या मुलांच्या व्हॅन याच्याकडेच असतात ना?”

दोन्ही व्हॅन त्याने त्याच दिवशी एकेक करून मास्तरांच्या दुकानासमोर नेऊन लावल्या. मास्तर स्टुलावर बसून एका हॉर्नची वायर सोलत होते.

“सरांना सांगितलंस?”

“सांगितलं.”

“किती जण होते तिथे?”

“मुलं, आईबाप... शंभरेक असतील.”

“थोडे कमी पडले,” मास्तर म्हणाले. “माझ्या वेळी अख्खा रस्ता होता.”

मीटरने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. “मास्तर, तुम्ही हो कशाला म्हणालात?”

मास्तरांनी वायर खाली ठेवली. “तुझ्यावर उपकार करायला नाही म्हणालो. सर पुढचं काय विचारणार होते? याला शिकवलं कुणी?” त्यांनी बोटाला चिकटलेलं प्लॅस्टिक झटकलं. “रंग न खरवडता बोल्ट मारणारा माझ्या हाताखाली तयार झाला, हे चारचौघांत सांगण्यापेक्षा माझा हात थरथरतो हे सांगणं सोपं होतं. तो तर सगळ्यांना दिसतोच.”

मास्तर परत हॉर्नकडे वळले. “जा आता. दुकान उघडं टाकून आलास ना?”

परत जायला मागची गल्ली जवळची होती आणि तिथे कुणी भेटलं नसतं. मीटर रस्त्याने निघाला. टायरवाला नेहमीसारखा बाहेर बसला होता.

“काय मीटर, व्हॅन परत नेऊन दिल्यास म्हणे? का रे?”

मीटर थांबला आणि सांगितलं. पॉलिश पेपरचंही सांगितलं. सीटकव्हरवाला आत मशीनवर होता. त्याला हाक मारून बाहेर बोलावलं आणि पहिल्यापासून परत सांगितलं. नक्कल कोणत्या वेळी केली, ते त्याने दोनदा सांगितलं.

टायरवाला आता हसेल, असं त्याला वाटलं होतं. तो हसला नाही. हातातल्या ट्यूबकडे बघत म्हणाला, “विचारलं तर मीच होतं ना ते.” आणि ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायला लागला.

पुढचं दुकान काचवाल्याचं होतं. मीटर त्याच्या पायऱ्या चढला.